मागच्या खिडकीतली चिमूट

जाम गावच्या चौकात बसमधून उतरा, चंद्रभानच्या ठेल्यावर जा आणि सरळ म्हणा, "सुगंधी तंबाखूचा एक खर्रा द्या." चंद्रभान तुमच्याकडे असा बघेल, जणू तुम्ही त्याला देवळातली घंटा विकत मागितली. "नाई जी, आपल्याकडे नाई भेटत," म्हणेल आणि साध्या सुपारीची पुडी पुढं करेल. ओळखीचं गिऱ्हाईक असलं काही बोलत नाही. ते फळीवर कोपर टेकतं, रस्त्याकडे एकवार बघतं आणि विचारतं, "माल हाय का?"

झालं! चंद्रभानचा हात फळीखाली जातो.

खर्रा म्हणजे काय हे वर्धेकडच्या माणसाला सांगायला गेलात तर तो तुम्हालाच हसेल. पण बाहेरच्यांसाठी सांगायला हवं. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घ्यायचा आणि तळव्याखाली फळीवर घोटत राहायचं, सगळं ओलसर, एकजीव होईस्तोवर. मग त्याचा तोबरा गालात. ट्रकवाल्याच्या गालात, मास्तरच्या गालात, मांडवात बसलेल्या नवरदेवाच्या गालातसुद्धा. सोयरे आले की पाण्याच्या तांब्यामागोमाग खर्ऱ्याची पन्नी पुढं होते. न दिली तर माणसं रुसतात, बोला आता!

त्यातल्या सुगंधी तंबाखूवर सरकारनं बंदी घातली त्याला दहा-बारा वर्षं झाली. त्याआधी डबा ठेल्यावर ऐटीत समोर असायचा आणि लोक त्याला नावानं हाक मारायचे. बंदी आली तसा डबा ठेल्यावरून उतरून घरात तांदळाच्या कोठीमागं जाऊन बसला, आणि त्याचं नावही त्याच्यासोबत आत गेलं. बाहेर उरला तो नुसता माल. तो पोचवणारा भैय्याजी नावाचा माणूस फोनवर त्याला मिठाई म्हणायचा. पेपरात त्याला प्रतिबंधित सुगंधित तंबाखू म्हणत. पोलिसांच्या हाती लागला की तो मुद्देमाल व्हायचा. एवढ्याशा भुग्याला केवढी ही नावं! लीलाबाई मात्र कोणापुढंही न लाजता माल म्हणायची. मीठ म्हणावं, हळद म्हणावी, तसं.

लीलाबाई म्हणजे चंद्रभानची बायको. तिचं माहेर अल्लीपूर. तिथं माल म्हणजे कापूस. वडील किसनराव बैलबंडी भरून जिनिंगकडे निघाले की आई दारात उभी राहून विचारायची, "सारा माल मावला का?" लीला त्या कापसाच्या ढिगावर लोळलेली पोर. लग्न होऊन जामला आली आणि तोच शब्द तिला वेगळ्या वासाचा भेटला. पण शब्दाचा वास कोण घेत बसतं? घरात सगळे म्हणतात ते आपण म्हणायचं.

ठेला सासऱ्यांचा, प्रभाकररावांचा. ते गालाच्या रोगानं गेले. शेवटी शेवटी पाण्याचा थेंबही उतरत नव्हता, तेव्हा त्यांनी लेकाला जवळ बोलावून त्याच्या गळ्यात तुळशीची माळ घातली. खुणेनं आणि तुटक्या बोलांनी सांगितलं, "ठेला चालव, पोट भर. पण तोंडाले लावू नको." चंद्रभाननं बापाचा शब्द जिवापाड पाळला. त्यानं उभ्या जन्मात तंबाखूचा कण जिभेवर ठेवला नाही. चौकात त्याचं केवढं कौतुक! "मालक असावा तं असा, दिवसभर माल घोटते अन् सोता कोरा." म्हाताऱ्यानं लेकाचं तोंड वाचवलं. सुनेच्या तोंडाचा विचार त्या घडीला त्यालाही सुचला नाही आणि नंतर दुसऱ्या कोणाला सुचायचं कारणच नव्हतं.

पण ज्याला स्वतः खायचं नाही त्यानं खर्रा कसा घोटावा? चुना जास्त झाला तर गिऱ्हाइकाचा गाल भाजतो, कमी पडला तर ते तोंड वाकडं करून शेजारच्या ठेल्यावर जातं. जीभ तर लागणारच. आणि ती खाणाऱ्याची चालत नाही बरं, खाऊन खाऊन ती मेलेली असते, तिला चुनाही कळत नाही आणि वासही. चंद्रभान म्हणायचा, "कोरी जीभ पाह्यजे."

ठेल्याच्या पाठीला घराचं सैपाकघर लागून. मधल्या भिंतीत हातभर खिडकी, लीला तिथून चहा द्यायची. सासरे गेल्यानंतरच्या एका सकाळी त्याच खिडकीतून चंद्रभानचा हात आत आला. दोन बोटांत चिमूट होती.

"लीला, पाह्य बरं हे. चुना जास्त तं नाई झाला?"

तिनं ती जिभेवर ठेवली आणि घर गरगरा फिरलं. ओट्याला धरून ती खाली बसली. चंद्रभान ठेला उघडा टाकून गुळाचा खडा घेऊन धावत आला. "माय वो! मले वाटलं तुले झेपन," म्हणाला आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. दुसऱ्या दिवशी हात पुन्हा आला. ती चाखायची आणि मोरीत थुंकायची. माहेरी बहिणीनं टोकलं तर म्हणायची, "मी काही गिळत नाई वो."

खरं सांगायचं तर तिला ते आवडायला लागलं. चंद्रभान काही गजरे आणणारा नवरा नव्हता. यात्रेत हात धरून फिरवणाराही नव्हता. पण दिवसाची पहिली चिमूट खिडकीतून यायची ती तिच्यासाठी, आणि ती "साजरा झाला", म्हणजे छान जमला, असं म्हणेपर्यंत बाहेरच्या एकाही माणसाला माल मिळायचा नाही. माहेरी तिला वरणात मीठ पुरे का, हेही कोणी विचारलं नव्हतं. इथं हैदराबादेकडं जाणारे ट्रकवाले गाडी थांबवून विचारायचे, "भाभीने पास किया क्या?" चंद्रभान छाती काढून सांगायचा, "लीलानं पास केलेला माल हाय, डोळे झाकून घ्या." खिडकीमागं पोळी लाटता लाटता तिला ते ऐकू यायचं आणि तिचं लाटणं जरा भरभर फिरायचं.

बंदी आली तसं चाखणं वाढलं. आधी कंपनीचा सीलबंद डबा, चव ठरलेली. आता चोरून येणाऱ्या मालातही चोरटा माल घुसला. बाहेरून डबा तोच आणि आत देव जाणे काय. एक डबा कडक, दुसरा भुसा, तिसऱ्याला अत्तराचा भपकारा. प्रत्येक डबा फोडला की खिडकीतून हात यायचा. किती वेळा उठून मोरीत जायचं? चिमूट गालातच राहायला लागली. मग ती आली नाही तर लीलाबाईचं डोकं दुखायला लागलं.

तोंड एका दिवसात बंद होत नाही. ते हळूहळू मिटतं, म्हणून तर कळत नाही. आधी ठेच्यानं आग व्हायला लागली, तिनं ठेचा सोडला. मग भाकरीचा घास मोठा वाटायला लागला, तिनं वरणात कुस्करून खाल्ली. अंकुशच्या, म्हणजे तिच्या एकुलत्या एका लेकाच्या लग्नात बायकांनी हौसेनं पाणीपुरी खाल्ली, तेव्हा लीलाबाई पुरी हातात धरून उभीच राहिली. ती तोंडात जाईना. तिनं ती दोन बोटांत फोडली, पाणी नव्या लुगड्यावर सांडलं आणि सगळ्या हसल्या. तीही हसली. हसता येईल तेवढं.

पुढं गावच्या शाळेत तपासणीचं शिबिर लागलं. तिथं दिपाली सिस्टर म्हणून एक मुलगी होती, वर्ध्याच्या दवाखान्यातली. ती म्हणाली, "काकू, तुमची तीन बोटं अशी उभी धरा आणि तोंडात घाला." लीलाबाईनं बोटं उभी केली. एक गेलं. दुसरं ओठाला अडलं. तिनं रेटून पाहिलं, मग सिस्टरकडं पाहिलं. चांगल्या तोंडात तीन बोटं जातात, हे तिला त्या दिवशी कळलं.

वर्ध्याच्या वाऱ्या सुरू झाल्या. गाल कापला, खालच्या जबड्याचा तुकडा काढला, मांडीची कातडी आणून गालाला लावली, मग किरणांचे शेक दिले. ती वाचली. पण तोंडाची एक फट तेवढी राहिली, तीतून पेज जाते आणि दूध जातं. बोलणं तर असं झालं की जन्माची शेजारीण दोनदा "काय म्हणता?" विचारते आणि तिसऱ्यांदा उगाच मान हलवते.

चंद्रभान दवाखान्याच्या व्हरांड्यात ढसाढसा रडला. खोटं नव्हतं ते रडणं, कोणी तसं म्हणू नये. तिच्या उशाशी बसून त्यानं गळ्यातली माळ मुठीत धरली आणि म्हणाला, "लीला, या माळेची आण. आजपासून तुया तोंडाले मी माल लावू देणार नाई." आणि त्यानं तोही शब्द पाळला. शब्दाचा पक्का माणूस! ठेला बंद करीन, असं काही तो बोलला नव्हता.

घरी आल्यावर लीलाबाई पडून असायची. अंकुश हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये कामाला, सकाळी जायचा तो दिवस मावळता यायचा. त्याच्या दोन्ही गालांत कायम तोबरा, त्याच्या जिभेचा बापाला उपयोग नव्हता. घर सांभाळायची सून आचल. आष्टीकडची पोरगी, गोरीगोमटी, बडबडी, दिवसभर मोबाईलवर गाणी लावून काम करणारी. सासूची पेज गाळताना, सासूचा रुमाल धुताना कधी नाक मुरडलं नाही तिनं. लीलाबाईला लेक नव्हती. या पोरीनं केस विंचरून दिले की तिला वाटायचं, देवानं घेतलं ते घेतलं, पण ही दिली.

एका सकाळी लीलाबाई भिंतीला धरून सैपाकघरात आली. आचल ओट्याशी भाजी चिरत होती. खिडकीतून हात आत आला. तोच हात, त्याच दोन बोटांत चिमूट.

"आचल, पाह्य बरं बेटा. चुना जास्त तं नाई झाला?"

आचलनं सुरी ठेवली, चिमूट घेतली, जिभेवर टाकली. डोळे बारीक करून तिनं चव घेतली, अगदी सराईतासारखी, आणि म्हणाली, "थोडा जास्त हाय, मामाजी."

लीलाबाईच्या घशातून असा आवाज निघाला की आचल दचकून वळली. लीलाबाईनं धावत जाऊन तिचा दंड धरला. "थूक! थूक!" ती म्हणत होती, पण त्या तोंडातून नुसतं "ऊक, ऊक" येत होतं. आचलला कळलं. ती मोरीत थुंकली, चूळ भरली आणि हसून म्हणाली, "आत्याबाई, काऊन घाबरता? चाखते अन् थुकते. मी काही गिळत नाई."

लीलाबाईनं तांब्या उचलून तिला पुन्हा चूळ भरायला लावली.

दुपारी चंद्रभान जेवायला आला तेव्हा तिनं त्याच्यापुढं हात जोडले. खरोखर जोडले. आपल्या गालाला हात लावला, आचलकडं बोट केलं आणि रडली. चंद्रभानचा घास हातातच राहिला.

"मले समजत नाई का, लीला? मी काय वैरी हाय तिचा?" तो म्हणाला. "चिमूटभर तं देतो. तू सारा जन्म गालात ठेवला म्हणून झालं तुले. हिले मी थुकाले लावतो. अन् नाई चाखलं तं माल जाईन कसा? गिराईक परत गेलं तं तुयं दूध कुठून येईन?"

आपल्या पेजेतलं दूध आचलच्या जिभेवरून येतं, हे त्यानं कसं सहज सांगून टाकलं! लीलाबाईनं त्या संध्याकाळी पेज घेतली नाही. आचलनं मांडीवर डोकं घेऊन चमच्यानं पाजली, "माह्या गळ्याची शपथ हाय" म्हणत.

अंकुशला सांगून पाहिलं. त्यानं तोबरा दुसऱ्या गालात सारला आणि म्हणाला, "आई, तू आराम कर ना. कायले टेन्शन घेते?" लीलाबाई त्याच्या फुगलेल्या गालाकडं बघत राहिली. हे एक तोंड तर तिच्या हातून केव्हाच गेलं होतं. तिला आता एकच ध्यास लागला. आचलचं तोंड वाचलं पाहिजे. तिचं बोलणं कोणाला कळत नव्हतं, तिचे हात कोणाला थांबवत नव्हते. मग उरतं काय? माल घरातून गेला पाहिजे. मालच नसेल तर चाखणार काय!

तिचं बोलणं कळणारं एकच माणूस होतं, दिपाली सिस्टर. अशी कापलेली तोंडं रोज ऐकून तिला ती बोली यायची. पुढच्या तपासणीला लीलाबाईनं अंकुशला औषधाच्या रांगेत उभं केलं आणि सिस्टरचा हात धरून तिला बाजूला नेलं.

"माह्या घरी माल हाय," ती सांगू लागली. "कोठीमांगं, दिवाणात, गोठ्यात. सांगा कोणाले. धाड टाका म्हणा."

सिस्टरनं ते नीट ऐकलं. मग हळूच विचारलं, "काकू, ते काकांना घेऊन जातील. चालेल तुम्हाला?"

लीलाबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. पंचवीसेक वर्षांचा संसार. गुळाचा खडा घेऊन धावत आलेला माणूस. ती म्हणाली, "नेऊ द्या. पण सुनेचं लेकरू व्हायचं हाय अजून." सिस्टरनं भिंतीवर तक्रारीसाठी लिहिलेला नंबर बघितला आणि फोन घेऊन व्हरांड्यात गेली.

धाड भरदुपारी आली. पांढरी गाडी, त्यात पोलीस आणि अन्नखात्याचे साहेब. चौक जमा झाला. तांदळाची कोठी सरकवली, मागून डबे निघाले. दिवाण उघडला, गोधड्यांखालून डबे निघाले. गोठ्यात कडब्याच्या पेंड्या ओढल्या, तिथूनही निघाले. साहेब लिहिणाऱ्याला दरवेळी सांगायचे, "हा मुद्देमाल. हाही मुद्देमाल." घोटायची फळी, तराजू, पन्न्यांचा गठ्ठा, सगळं मुद्देमाल होऊन अंगणात बसलं. लीलाबाई ओट्यावरून बघत होती. आपल्या रोजच्या चिमटीचा एवढा मोठा ढिगारा घरात होता, हे तिनंही एकत्र कधी पाहिलं नव्हतं.

पंच म्हणून चहाच्या टपरीवरचे दोघं धरून आणले. सही करण्याआधी नाव विचारलं तर दोघांनाही बोलता येईना, गाल भरलेले. साहेब कडाडले तसे दोघं कुंपणाशी जाऊन थुंकून आले आणि मग नावं सांगितली. लोक खो खो हसले. साहेबांनाही हसू आवरेना. लीलाबाई तेवढी हसली नाही.

चंद्रभानला गाडीत बसवलं. तो कोणावर ओरडला नाही, खबर कोणी दिली म्हणून शिव्या दिल्या नाहीत. पाय आत घेता घेता थांबला, वळला आणि म्हणाला, "आचल, आत्याबाईले पेज वेळेवर देजो. गरम देऊ नको, भाजते तिले."

लीलाबाईनं पदर तोंडाला लावला. काळीज फाटणं म्हणजे काय, हे तिला शेकाच्या खोलीतही कळलं नव्हतं.

ठेल्यावर ताडपत्री पडली. चंद्रभान लवकरच जामिनावर सुटून घरी आला आणि ओसरीवर बसून राहू लागला. मांडीवर त्याचा तळवा आपोआप पुढंमागं होत राहायचा, घोटल्यासारखा. गिऱ्हाइकं चाहूल घेत मागच्या दारी यायची, "भाऊ, माल नाई का?" तो मान हलवायचा. भैय्याजीचा फोन बंद. खिडकी रिकामी. लीलाबाईला गुन्हेगारासारखंही वाटायचं आणि सुटल्यासारखंही. रोज सकाळी ती त्या रिकाम्या खिडकीकडं बघायची आणि देवाला हात जोडायची.

आचल मात्र त्या दिवसांत बदलली. गाणी बंद. सारख्या जांभया, डोकं धरून बसणं, भांडी आदळणं. लीलाबाईला वाटलं, पोरीनं सासऱ्याची बेअब्रू मनाला लावून घेतली. माया दाटून आली तिला. ती आचलच्या कपाळाला बाम चोळून द्यायची. मग काही दिवसांनी पोरीचं डोकं थांबलं, गाणी पुन्हा सुरू झाली. बरं झालं, लीलाबाई मनाशी म्हणाली.

आणि एका सकाळी ठेल्यावरची ताडपत्री उतरली. चंद्रभानला नवा माणूस सापडला होता, तिकडं शिवनीच्या बाजूचा. त्याचा माल डब्यातही नव्हता. नुसत्या प्लास्टिकच्या थैल्या, ना नाव ना शिक्का. चंद्रभान स्वतःच थैली हुंगून चिंतेत होता. "याच्यात काय कालवलं असन काही सांगता येत नाई," तो अंकुशला सांगत होता. "हरेक थैली फोडून चाखा लागन. आधीचा माल बरा होता बाप्पा, चोरीचा असून भरवशाचा होता."

लीलाबाई दाराआड उभी होती. भरवशाचा माल तिनं घालवला होता. नवऱ्याला गाडीत बसवलं, घराची अब्रू चौकात मांडली, आणि त्यातून आलं काय, तर आचलच्या जिभेवर याहून वाईट काहीतरी!

दुपारी अंगणात आचल धुणं वाळत घालत होती. हात वर गेले तशी तिच्या कंबरेला खोचलेली पन्नीची पुडी खाली पडली. तिनं चटकन उचलली. पण लीलाबाईनं पाहिली होती. मधे ठेला बंद असतानाही पोरगी बाहेरून अशा पुड्या आणत होती, डोकं कशानं थांबलं होतं, त्याआधीच्या जांभया कशाच्या होत्या, सगळं तिला एकदम उमगलं. हे सगळं तिनं स्वतः भोगलेलं, आणि ती मूर्खासारखी बाम चोळत बसली!

ती ओट्यावरून उठली. आचलसमोर जाऊन उभी राहिली आणि आपली तीन बोटं उभी धरली.

"काय करता, आत्याबाई?" आचल हसत म्हणाली, पण तिनं आ केला.

पहिलं बोट गेलं. दुसरं गेलं. तिसरं दातांना अडलं. लीलाबाईनं ते पुन्हा लावून पाहिलं, तिरपं करून पाहिलं, हलकेच दाबून पाहिलं. नाही गेलं.

"तुमची बोटं जाडी हायेत," आचल म्हणाली आणि खळखळून हसली. तिचे पांढरे दात उन्हात चमकले. लीलाबाईनं तिला छातीशी धरलं. आचलला वाटलं, म्हातारीला उगाच भरून आलं. तिनं थोपटलं तिला, "जी, नका रडू. पेज करते तुमच्यासाठी."

सैपाकघरातल्या खिडकीतून हाक आली. "आचल! नवी थैली फोडली, पाह्य बरं बेटा."

आचल हातातला ओला कपडा पिळून घेऊ लागली. तेवढ्यात लीलाबाई वळली आणि भिंतीचा आधारही न घेता आत गेली. खिडकीतून हात आला होता, दोन बोटांत चिमूट. चंद्रभानचं तोंड तिकडं गिऱ्हाइकाकडं होतं. लीलाबाईनं ती चिमूट घेतली आणि आपल्या तोंडाच्या फटीतून आत सारली.

आगीचा डोंब उसळला. कापलेल्या गालावर, लावलेल्या कातडीवर, जिथं दूधसुद्धा निववून घ्यावं लागायचं तिथं. डोळ्यांपुढं अंधारी आली. तिनं ओटा घट्ट धरला, त्या पहिल्या दिवशी धरला होता तसाच. पण ती बसली नाही आणि थुंकलीही नाही.

"कसा हाय?" बाहेरून चंद्रभाननं विचारलं.

"चुना कमी," लीलाबाई म्हणाली.

ते शब्द दुसऱ्या कोणाला कळले नसते. याच खिडकीतून ते जन्मभर ऐकलेल्या चंद्रभानला कळले. हात खिडकीत तसाच राहिला. मग त्याचा चेहरा खिडकीशी आला. दुसऱ्या हातानं त्यानं गळ्यातली माळ धरली होती आणि त्याचे डोळे भरून आले होते.

"लीला, तू काऊन? मी माळेची आण घेतली ना! तुया तोंडाले नाई लागू देणार मी," तो रडत म्हणाला. "थुकून टाक. आचलले पाठव."

"आली, मामाजी," आचल ओढणीला हात पुसत आत आली.